घरचं अस्वल

सरपंचपदाच्या निवडणुकीचं चिन्हवाटप झालं आणि कोसमटोलीत घरोघरी एकच विषय सुरू झाला: लहानू मास्तर आपल्या पोरीला, खुशबूला, कोणतं जनावर करणार? गुणवंतरावांना कपबशी मिळाली, लटारूला पतंग मिळाला, खुशबूला छत्री मिळाली, याचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. चिन्हं काय, तालुक्याहून येतात आणि निकालाच्या गुलालासोबत धुऊन जातात. मास्तरांनी दिलेलं जनावर मात्र माणसाला मरेपर्यंत सोडत नाही.

मास्तरांचा फळा म्हणजे शाळेनं टाकून दिलेला जुना काळा फळा. शाळेत हिरवे फळे आले तेव्हा चित्रकलेच्या या मास्तरांनी तो बैलगाडीत घालून घरी आणला आणि चौकाच्या बाजूच्या आपल्या भिंतीवर ठोकला. त्याला झाली तीस वर्षं. रोज सकाळी ओल्या फडक्यानं कालचं चित्र पुसायचं, कानाला अडकवलेला खडू काढायचा आणि आजचं चित्र काढायचं. पुढाऱ्याचं नाव कधी लिहायचं नाही. फक्त जनावर काढायचं, खाली एक ओळ, बस. बाकीचं काम गाव करतं.

आमदार म्हणजे मोर. का, तर पिसारा दिसतो तो पाच वर्षांतून एकदा, मग नुसती पाठ. गुणवंतराव म्हणजे घोरपड, कारण तीनदा सरपंच झाले तरी खुर्चीवरची पकड सुटली नाही. मास्तरांनी घोरपडीच्या नखांत खुर्चीचे पाय असे काही रुतवले होते की पाहणाऱ्याच्या हातालाच घाम फुटावा. लटारू ग्रामसभेत काटे फुलवून खुळखुळ करायचा आणि साहेब आले की बिळात शिरायचा, म्हणून तो सायाळ. बिचाऱ्याला मार्कंड्याच्या जत्रेतसुद्धा लोक हाक मारायचे, "ओ सायाळभाऊ!" आणि सवयीनं तोही वळून बघायचा.

वाघ मात्र मास्तर कुणालाच देत नव्हते. मागायचे सगळेच. गुणवंतरावांनी तर एकदा चहा पाजून लाडीगोडी लावली होती, "मास्तर, एक डाव मले वाघ काढा ना बावा." मास्तर म्हणाले, "गुणवंतराव, भागीरथाबाईच्या नवऱ्याले नेलं त्यानं. तिच्या घरासमोर वाघाचं हसू करू काय मी?" त्यावर गुणवंतरावांनी मुकाट्यानं चहा संपवला.

आणखी एका माणसाचं जनावर त्या फळ्यावर कधी आलं नव्हतं. ते म्हणजे खुद्द मास्तर. पोरं विचारायची, "गुरुजी, तुमी कोण?" मास्तर म्हणायचे, "मी खडू." असं बोलून सुटायची त्यांना भारी हौस.

पण आज सुटका नव्हती. दुपारी गुणवंतराव स्वतः अंगणात आले. मास्तर खाटेवर बसले होते, बाजूला काठी. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून काठी सोबतीला आली ती आलीच.

"जयभीम मास्तर."

"जयभीम. बसा."

"बसत नाई. एकच सांगाले आलो." गुणवंतराव हसत बोलत होते, पण हसू दाताच्या पुढं काही येत नव्हतं. "उद्या तुमी तिघायचे चित्र काढान. आमी काही बोलणार नाई. घोरपड तं घोरपड. पण पोरीले जर हरीण काढलं, नाई तं फुलपाखरू काढलं, तं मंग आमीच ओलं फडकं आणतो आणि तुमचा फळा कायमचा पुसून टाकतो. तीस वर्षं आमाले हसले ना तुमी?"

"आणि तिले काढलंच नाई तं?"

"तं मंग आमाले काढलं काऊन?"

माणूस घोरपड असला तरी बोलला ते खरंच होतं. गुणवंतराव गेले तरी मास्तर काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून तसेच बसून राहिले.

आता मास्तर नेमके कशाला अडले होते ते सांगायला हवं. फळ्याची त्यांना काळजी नव्हती असं नाही, पण ती दुय्यम. खरी गोष्ट निराळीच होती आणि ती चोवीस वर्षं जुनी होती.

खुशबू तेव्हा सात वर्षांची. त्या काळी पंचायत समितीचा एक सभापती होता, मोहावर आलेल्या अस्वलासारखा, जिथं गोड दिसेल तिथं तोंड घालणारा. मास्तरांना त्याचं अस्वल काढायचं होतं, पण अस्वलाच्या मानेवरचे केस काही केल्या जमत नव्हते. पायरीवर खुशबू बसलेली. नुकतीच न्हालेली, डोक्याला तेल नाही, दाट केस चहूकडे पिंजारलेले, आणि रंगानं बापाच्या फळ्यासारखी काळीभोर. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं आणि खडू सरसर चालला. अस्वल असं उतरलं की चौकातली माणसं हसून हसून बेजार झाली. लटारूनं विचारलं, "मास्तर, इतकं हुबेहूब जमलं कसं जी?" आणि मास्तर, कौतुकानं फुगलेला तो शहाणा माणूस, पायरीकडे बोट करून म्हणाला, "मॉडेल घरचंच आहे."

झालं! सभापती पुढच्या निवडणुकीत पडला, त्याचं नावही आज कुणाला आठवत नाही. अस्वल राहिलं ते पोरीकडे. शाळेत अस्वल, विहिरीवर अस्वल, दहावीला पास झाली तेव्हा "अस्वल पास झाली बे!" त्या दिवसापासून खुशबू फळ्याजवळच्या पायरीवर कधी बसली नाही. मागच्या दारानं यायची, मागच्या दारानं जायची. पुढं दोन-तीन स्थळं आली आणि गेली. ती का गेली हे मास्तरांनी कधी विचारलं नाही. पाहुण्यांनी ते नाव चौकातच ऐकलं असेल अशी त्यांना धास्ती होती. बापानं गंमत केली आणि लेकरानं ती आयुष्यभर अंगावर वागवली. मास्तरांना हे सगळं कळत होतं, पण एकदाही "चुकलो" म्हणाले नाहीत. शब्दांच्या बाबतीत हा माणूस फार कंजूष, एरवी खडूच बोलायचा.

आणि पोरगी कशी, तर घरात बसून रडणारी नव्हे. शिलाई मशीन घेतलं, बचत गट बांधला. मोहाच्या दिवसांत बायांना एकेकटं जंगलात जाऊ द्यायची नाही, वीस-वीसचा जथ्था करून नेई आणि स्वतः पुढं चाले. वनखात्याच्या साहेबांसमोर उभी राहून तिनं गावासाठी सौरकुंपण मागून आणलं. बायाच तिला म्हणाल्या, खुशबू, तू उभी राहाय. ती उभी राहिली. आता गावभर तिच्या नावाचे कागद लागले होते, आणि उद्या बापाच्या हातून तिला पुन्हा एक जनावर मिळणार होतं. एक चिकटलेलं अजून निघालं नव्हतं.

तिन्हीसांजेला मास्तर पाटी घेऊन सराव करत बसले. पोरं वापरतात ती साधी पाटी. अंजनाबाई, त्यांची बायको, समोर तांदूळ निवडत होत्या.

"गाय काढा," अंजनाबाई म्हणाल्या.

"गाय? गुणवंतराव म्हणन, देवीच काढली मास्तरनं."

"मंग खार काढा. कशी तुरुतुरु काम करते."

मास्तरांनी खार काढली. चांगली जमली, पण ती खुशबू नव्हती. पुसली. चितळ काढलं, पुसलं. हत्ती काढला.

"हत्ती नोका काढू," अंजनाबाई लगेच म्हणाल्या. "गडचिरोलीकडं घरं पाडून राह्यले ते. आणि लोक म्हणतीन, मास्तरनं जनावर नाई, पक्षाचं चिन्हच काढलं."

मास्तरांनी हत्तीही पुसला. पाटी आता नुसती पांढरी धुरकट झाली होती. आतल्या खोलीत मशीन खडखडत होतं, ते थांबलं. खुशबू दारात येऊन उभी राहिली. गळ्यात टेप, केसांत दोऱ्याचे तुकडे.

"काय चालू हाय?"

"तुले जनावर पाहून राह्यलो," मास्तर म्हणाले आणि घसा खाकरला. "तुले कोणतं आवडते?"

खुशबू हसली. "तीस वर्षांत पयल्यांदा कोणाले तरी विचारून राह्यले बाबा तुमी. गुणवंतकाकाले विचारलं होतं काय?"

मास्तर ओशाळले. मग पाटीकडे बघतच म्हणाले, "तुले नाई काढत. उद्यापासून फळाच बंद. म्हातारा झालो, हात थरथरते म्हणून सांगतो."

"हात कुठी थरथरते तुमचा?"

"थरथरवीन."

अंजनाबाई फिस्सकन हसल्या. खुशबू नाही हसली. ती बापासमोर येऊन खाली बसली. "बाबा, मले सूट नोका देऊ. तुमी सूट देल्ली तं गाव म्हणन, हिचा बाप भेला. मी उद्या कोणत्या तोंडानं त्यायच्या दारात जाऊ? जे दिसते ते काढा."

"आणि ते चिकटलं तं?"

अंजनाबाईंचा हात सुपातच थांबला. या घरात ती गोष्ट कुणी कधी उघड काढली नव्हती.

"ते सावली गावचं स्थळ परत गेलं," मास्तर कसंबसं म्हणाले, "ते... त्याच्यानंच ना?"

"कोण सांगतलं तुमाले?" खुशबूनं डोळे मोठे केले. "त्याले मीच नाई म्हटलं. काय त्याचं नाक होतं बाबा! चहा प्याले बसला तं पयले नाकच बशीत बुडालं." आणि मग हळूच म्हणाली, "सगळंच तुमच्या फळ्यानं नाई झालं. काही मी पण केलं."

ती उठून आत गेली आणि मशीन पुन्हा खडखडू लागलं. मास्तरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. काचा स्वच्छच होत्या.

सकाळी चौक भरला. एरवी दहा-पंधरा माणसं असायची, आज बाया कडेवर लेकरं घेऊन आल्या होत्या. गुणवंतराव पुढच्या ओळीत हाताची घडी घालून उभे, त्यांच्या बाजूला लटारू. भागीरथाबाई आपल्या ओट्यावर बसून तंबाखू मळत होत्या. खुशबू तेवढी नव्हती, ती खालच्या टोलीतल्या घरांमधे प्रचाराला गेली होती. शेजारच्या लोकेश नावाच्या पोरानं मास्तरांना धरून स्टुलावर बसवलं.

मास्तरांनी फळा ओल्या फडक्यानं पुसला आणि वाळू दिला. मग डावीकडे घोरपड काढली. या वेळी तिनं खुर्ची नुसती धरली नव्हती, दोरीनं स्वतःच्या पोटाला बांधली होती. लोक हसले. गुणवंतरावही हसल्यासारखं करून म्हणाले, "ठीक हाय, ठीक हाय, पुढं काढा." मधे सायाळ काढली, तोंड बिळात आणि काटे बाहेर. लटारूनं हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला.

उजवी बाजू रिकामी होती. मास्तरांनी खडू आडवा धरला.

काळ्या फळ्यावर अस्वल काढायची एक गंमत आहे. फळा मुळातच काळा, त्यामुळे अस्वल आधीच तिथं बसलेलं असतं. आपण फक्त कडेचे केस काढायचे. मास्तर केस काढू लागले. मानेवरचे, चहूकडे पिंजारलेले. पहिल्या पाच-सहा फटकाऱ्यांतच गावानं ओळखलं. चोवीस वर्षांपूर्वीचं तेच अस्वल! मागून कुणीतरी दबक्या आवाजात हसलं. अंजनाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि भिंतीकडे वळल्या. मास्तरांच्या पाठीला त्यांचं वळणं कळलं, पण हात थांबला नाही.

"वा मास्तर!" गुणवंतराव म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद होता आणि थोडी लाजही. इतकं तर त्यांनीही मागितलं नव्हतं.

अस्वलाचे पाय मास्तरांनी पाण्यात काढले. कमरेएवढं पाणी, त्याच्या लाटा, वाहून येणारी एक फांदी. हसणारा गप्प झाला. मग अस्वलाच्या पाठीवर त्यांनी एक पिल्लू काढलं. हडकुळं. डोक्याला टक्कल. डोळ्यांवर चष्मा. आणि कानाला अडकवलेला खडू.

ते पाणी गावानं ओळखलं होतं. दोन वर्षांपूर्वीचा भादवा, नाल्याच्या पुलावरून पाणी, मास्तरांचं हाड मोडलेलं, आणि रुग्णवाहिका पलीकडच्या काठावर अडकलेली. खाट नेता येईना. तेव्हा खुशबूनं आईच्या लुगड्यानं बापाला स्वतःच्या पाठीशी बांधलं आणि पाण्यात उतरली. पुढं लोकेश दोर धरून, मागं ही. काठावर अख्खं गाव उभं होतं.

"अस्वलच आपल्या लेकराले पाठीवर नेते गा," भागीरथाबाई ओट्यावरून म्हणाल्या. नवरा गेल्यापासून ही बाई चौकात फारसं बोलायची नाही. "दुसरं कोणतं जनावर नाई नेत. मोहाले गेलो का आमी पायतो ना. वाघ समोर आला तरी खाली ठेवत नाई ते. त्या दिवशी काठावर मी म्हटलं होतं मनात, पाह्य माय, अस्वल चालली बापाले घेऊन."

गुणवंतरावांना आता काहीतरी बोलणं भाग होतं. "पण मास्तर, पाठीवरचं ते उमेदवार नाई ना? त्याचं चित्र कसं काय?"

"तुमीच म्हटलं गुणवंतराव," मास्तर वळून न बघता म्हणाले, "तीस वर्षं तुमाले हसलो. एक दिवस मले हसा."

आणि खाली त्यांनी आजची ओळ लिहिली. पिल्लापासून एक बाण काढला आणि बाणाच्या टोकाशी लिहिलं: मॉडेल घरचंच आहे.

पहिलं कोण ओरडलं ते कळलं नाही, पण लेकरांना असली संधी पुरते. "पिल्लू गुरुजी! पिल्लू गुरुजी!" सगळा चौक हसू लागला, गुणवंतराव खरं खरं हसले, लटारू तर डोळे पुसत हसला. वीस वर्षं सायाळ होऊन फिरणाऱ्या माणसाला त्या हसण्याचा अधिकारच होता. मास्तरांचे कान तापले. अंगावर नाव चिकटलं की आत कुठंतरी कसं चटकन भाजतं, ते त्यांना बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. सात वर्षांच्या पोरीला ते किती भाजलं असेल? त्यांनी हातातला खडू परत कानाला अडकवला.

इतक्यात बायांची गर्दी बाजूला झाली. खालच्या टोलीतून खुशबू परत आली होती, हातात प्रचाराचे कागद. तिला बघून लेकरंसुद्धा चूप झाली. तिनं चित्र पाहिलं. वरपासून खालपर्यंत, सावकाश, कापड तपासावं तसं. बाणापाशी तिची नजर थांबली.

मास्तर म्हणाले, "चुकलो बाई मी." चोवीस वर्षं अडकलेला शब्द तो, सगळ्या चौकासमोर, आणि खडूनं नव्हे तर तोंडानं.

खुशबूनं कागद आईकडे दिले आणि बापाच्या कानावरचा खडू काढून घेतला.

"हे चुकलं तुमचं," ती फळ्यावर बोट ठेवून म्हणाली. "पिल्लू खांदे धरून राह्यलं. तुमी खांदे नव्हते धरले."

तिनं तळहातानं पिल्लाचे दोन्ही हात पुसले आणि नवे काढले. तिला चित्र काही येत नव्हतं, रेषा वाकड्यातिकड्या. पण ते हात अस्वलाच्या गळ्याभोवती गच्च आवळलेले होते, बोटांत बोटं घालून.

"असे धरले होते," ती म्हणाली.

मास्तरांना आठवलं. अंगाखालून सरकणारं ते पाणी, तिच्या केसांतला खोबरेल तेलाचा वास, आणि आपण मरणाच्या भीतीनं आवळलेला तिचा गळा. पलीकडे पोचल्यावर कितीतरी वेळ ती नुसती खोकत होती.

"दुखलं काय गं तुले तवा?"

"लय दुखलं."

"मंग बोलली काऊन नाई?"

खुशबूनं खडू पुन्हा बापाच्या कानाला अडकवला आणि फळ्याखालच्या पायरीवर, चोवीस वर्षांपूर्वी बसायची तिथंच, बसली.

"बोलली असती तं तुमी हात सोडला असता," ती म्हणाली.